खड्ड्यापलीकडची पंगत

संसदेची हिशेब समिती आज कुणावर भडकणार आणि कुणाला सोडून देणार, हे सरकारी कागदांवरून कळत नाही, ताटावरून कळतं. काठमांडूत ही गोष्ट सगळ्यात आधी कळली ती चिनीमाया प्रजापतीला. कारण ताट तीच भरायची.

संसदेच्या इमारतीत समितीच्या दालनामागे जिन्याखाली एक अरुंद खोली आहे. तिथं दोन शेगड्या, एक ओटा, भिंतीला टेकवलेली कढई आणि मधोमध चिनीमाया. बाई बुटकी, आवाज मात्र दणदणीत. राजा गेला, राज्यघटना बदलली, मंत्री तर इतके बदलले की त्यांची नावं लक्षात ठेवायचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. "नाव कशाला हवं? बिनसाखरेचा, दोन साखरेचा आणि कपबशी परत न देणारा, एवढं पुरतं," असं ती म्हणायची.

तर तिचं म्हणणं असं, की तांदळाच्या पिठाची तळलेली गोड सेलरोटी आणि दाट सायीचा चहा दिला की माननीय सदस्य विरघळतात. मंत्रालयाचा साहेब समोर घाम पुसत उभा असतो, पैशाचा पत्ता नसतो, आणि हे आपले म्हणतात, "बरं, पुढच्या वेळी जरा बघून घ्या हं!" तेच कोरडे पोहे, म्हशीच्या भाजलेल्या मटणाचा छोयला आणि वर गोल डल्ले मिरचीची चटणी वाढली, की त्याच माणसांना कंठ फुटतो. मग "पैसे कुठे गेले?" हा प्रश्न पार दरवाजाबाहेर ऐकू येतो.

ही गोष्ट मंत्रालयांच्या कानावर गेल्याशिवाय कशी राहील? ज्याची साक्ष असेल तो साहेब आदल्या दिवशी जिन्याखाली एक चक्कर मारू लागला. फाइल वाचायची सोडून हे लोक तिच्या पातेल्यांवरची झाकणं उचलून बघायचे. "दिदी, उद्या काय बेत?" चिनीमाया हसायची, चहा पाजायची आणि काही सांगायची नाही.

आता तिच्या घरचं सांगतो. काठमांडूजवळच्या थिमीच्या कुंभारआळीत तिचं सासर. रस्त्याच्या खात्यानं तिथं सांडपाण्याच्या नळ्या घालायला म्हणून दारासमोर लांबच लांब चर खणला. नळ्या आल्या, चरात बसल्या, फोटो निघाले. फक्त वर माती लोटायची राहिली. राहिली ती राहिलीच! तीन वर्षं झाली. सरकारी हिशेब तपासनिसांनी तर लिहून ठेवलं होतं, की माती लोटण्याचे पैसे पूर्ण खर्च झालेले आहेत. म्हणजे पैसे गेले, माती आली नाही. आळीतली माणसं फळी टाकून ये-जा करायची. कुत्र्यांनासुद्धा सवय झाली होती.

सवय झाली नाही ती एकट्या बेखा बाला. बेखा बा म्हणजे चिनीमायेचा सासरा, बेखानारायण प्रजापती. हयात सगळी चाक फिरवण्यात गेली. गुडघे गेले, जीभ तेवढी शाबूत. चराच्या पलीकडे, आळीच्या तोंडाशी फल्चा आहे, म्हाताऱ्यांची बसायची ओसरी. तिथं बसून हुक्का ओढणं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवणं, हे बेखा बाचं सुख. पण त्या फळीवर पाऊल टाकायची त्याची छाती होईना. एकदा टाकलं, तर चरात गेला आणि महिनाभर कण्हत पडला. तेव्हापासून तो खिडकीत बसून पलीकडच्या मित्रांना ओरडून शिव्या द्यायचा, आणि तेही तिकडून ओरडून परत द्यायचे. त्यातले दोघे तर मधल्या काळात गेले. त्यांना शेवटचं बघायलासुद्धा याला जाता आलं नाही.

आणि आता त्याचं जंकू आलं होतं. सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने आणि सात दिवस भरले की आमच्या नेवार लोकांत म्हातारा देव होतो. त्याला रथात बसवायचं, मुला-नातवंडांनी दोरी ओढायची, आळीला फेरी घालून घरी आणायचं आणि मग गावाला जेवण. हा मुहूर्त पुढेमागे होत नाही. रथ दारातून निघायला हवा आणि दारात चर!

"तुझी ती संसद काय करते गं?" सासरा रोज विचारायचा. "इतकी वर्षं त्यांना खाऊ घालतेस, एक टोपली माती पडत नाही तुझ्यानं?"

"मी चहा करते बा, सरकार नाही चालवत."

"मग सांग त्यांना, माझा चहा आणि तुमचं सरकार, दोन्ही एकाच पाण्याचं."

ती हसून चुलीकडे वळायची. पण मनाला लागायचं हो. कारण म्हातारा बोलत होता ते खोटं नव्हतं.

अशात एक दिवस समितीच्या फळ्यावर सूचना लागली: थिमीचा रस्ता, सांडपाणी योजना, साक्ष सहसचिव वेदनिधी अर्याल यांची. आणि दुपारी खुद्द वेदनिधी अर्याल जिन्याखाली हजर! गोरा, गुळगुळीत माणूस, बूट असे चकचकीत की त्यात तोंड बघून घ्यावं. त्यांच्या खात्याचे सचिव नेहमी परदेशात, त्यामुळे साक्षीला नेहमी हेच.

"दिदी, थंडी काय पडलीय!" त्यांनी सुरुवात केली.

"पडायचीच हजुर, दिवसच तसे आहेत."

"म्हटलं, माननीयांना उद्या जरा पोटभर असू दे. गरम भात, डाळ, वर तुपाची धार. आणि तुमचं ते मडक्यातलं दही."

"भातावर दही खाल्लं की झोप येते हजुर."

"तेच तर... म्हणजे, प्रकृतीला बरं असतं."

"कुठला म्हणायचा रस्ता तुमचा?"

"थिमीचा. कुंभारआळीचा. काम अंतिम टप्प्यात आहे."

"अंतिम म्हणजे कुणाचा अंत होईपर्यंत, हजुर?"

वेदनिधी दिलखुलास हसले. ही बाई त्याच आळीतली हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. जाताना म्हणाले, "दह्याचं तेवढं विसरू नका!"

चिनीमाया विसरली नाही. तिनं दह्याचं नावच काढलं नाही. त्या रात्री तिनं डल्ले मिरच्या वाटल्या त्या अशा, की शेजारच्या घरातली माणसं खोकत बाहेर आली. मनात एकच: उद्या हे सगळे पेटले पाहिजेत. एकदा पेटले की हुकूम निघेल, हुकूम निघाला की माती पडेल, आणि रथ सुखानं बाहेर जाईल.

दुसऱ्या दिवशी पेटले. पण कसे पेटले ते ऐका.

पहिल्या घासालाच विरोधी पक्षाच्या दिलकुमारी रोका लाल झाल्या. बाई डोंगराकडच्या, तिखटाला भिणाऱ्या नव्हेत, पण त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी टेबलावर हात आपटला. "अर्यालजी! माती लोटण्याचे पैसे गेले कुठे?" दाराआड ताटं उचलायला उभ्या असलेल्या चिनीमायेला वाटलं, झालं, जिंकलो!

"काम अंतिम..." वेदनिधी सुरू झाले.

"अंतिम गेलं खड्ड्यात!"

"बाई, ओरडू नका," सत्ताधारी पक्षाचे रामलगन मंडल म्हणाले. मंडलबाबू खालच्या सपाट तराईतले, गोडाचे भक्त. त्यांनी घाईघाईत ताटात वर ठेवलेली एक अख्खी गोल मिरची बटाटा समजून खाल्ली होती आणि आता ते जीभ बाहेर काढून बसले होते. "तिखट आम्हालाही लागलंय. आम्ही ओरडतोय का?"

"तुम्ही कशाला ओरडाल? खणला तुमच्याच सरकारनं!"

"ठेका तुमच्या मंत्र्यानं दिला!"

"पाण्याचा जग इकडे द्या आधी!"

"आम्ही आधी धरलाय!"

जग एकच आणि धरणारे दोन. पाणी सगळं कागदांवर सांडलं. सभापती पुष्करध्वज शाही यांनी शांतता राखा म्हणून सांगायला तोंड उघडलं, तर उचकी लागली. "माननीय सद... हिक्!" पुन्हा, "कृपया शां... हिक्!" उचक्या देणाऱ्या सभापतीचं कोण ऐकणार? दिलकुमारीबाई ताडकन उठून बाहेर पडल्या, त्यांच्यामागे त्यांचा पक्ष. मंडलबाबू मिठाई शोधायला गेले ते आलेच नाहीत. गणपूर्ती नाही म्हणून बैठक बंद. वेदनिधी अर्याल फाइल काखेत मारून शीळ घालत जिना उतरले, आणि खाली येऊन चिनीमायेला म्हणाले, "दिदी, दही नव्हतं, पण काम झालं हो!"

चिनीमायेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच हातानं आपणच माती केली! म्हणजे ती हवी होती तिथं पडली नाही, हे वेगळंच.

घरी बेखा बा खिडकीतच बसला होता. "काय म्हणाली तुझी संसद?"

"तिखट लागलं म्हणाली."

तिला वाटलं, आता म्हातारा घर डोक्यावर घेईल. पण त्यानं फक्त खिडकी ओढून घेतली. म्हणाला, "राहू दे सूनबाई. रथाचं राहू दे. नाहीतरी चौघं जण एकदा उचलून नेतीलच पलीकडे. तोवर पडून राहतो."

इतक्या वर्षांत सासऱ्याच्या शिव्यांनी जिच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं, ती बाई चुलीपाशी जाऊन ढसाढसा रडली. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि शांतपणे विचार केला. या लोकांना राग येतो, पण तो टिकत नाही. लाज येते, तीही टिकत नाही. मग टिकतं काय? भूक! पंगतीला बोलावलं आणि ही माणसं आली नाहीत, असं तिनं आजवर बघितलं नव्हतं.

सकाळी ती सभापतींच्या खोलीत गेली. शाही साहेब दूध पीत बसले होते.

"हजुर, कालच्याबद्दल माफी असावी."

"दिदी, माझी झोप गेली हो! रात्रभर उचक्या."

"सासऱ्याचं जंकू आहे शनिवारी. प्रसादाला या. सगळेच या, भांडलेलेसुद्धा या. नेवारी भोज आहे, बारा तऱ्हेच्या भाज्या. आणि तिखट अगदी बेताचं घालीन."

सभापतींच्या मिशा हलल्या. "यायचं तर आहे. पण सगळी समिती कशी येणार? गाड्या लागतील, भत्ता लागेल, काहीतरी कारण लागेल."

"कारण माझ्या दारातच आहे हजुर. खड्डा."

सभापतींनी दुधाचा पेला खाली ठेवला. "अरे, ही तर स्थळपाहणी!" ते एकदम खूश होऊन म्हणाले.

शनिवारी समितीच्या इतिहासात कधी झालं नव्हतं ते झालं: एकही सदस्य गैरहजर नव्हता. आजारी म्हणून रजेवर असलेले दोघे तर सगळ्यांच्या आधी आले. साक्षीदार म्हणून वेदनिधी अर्यालांनाही बोलावणं होतंच. या सगळ्या मंडळींच्या गाड्या चराच्या पलीकडे थांबल्या. अलीकडे घराच्या अंगणात मोठमोठी पातेली रटरटत होती. तूप, मेथी, भाजलेलं मांस, सगळ्यांचा मिळून असा वास सुटला होता की मंडलबाबू गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "चला, बसू या का?"

"आधी देव फिरून घरी येतो हजुर, मग पंगत," चिनीमाया चरापलीकडून म्हणाली. सणासुदीचं काळं लुगडं, लाल काठ, कपाळाला भरघोस टिळा. आज ती कुणाला चहा विचारणार नव्हती.

देव रथात बसला होता. डोक्याला फेटा, गळ्यात माळा आणि चेहऱ्यावर कुणीतरी उधारी बुडवल्यासारखा राग. चरावर फळ्या टाकल्या होत्या. मुलांनी, पुतण्यांनी दोरी ओढली, रथ फळ्यांवर चढला आणि मधोमध जाऊन एक चाक खचलं. रथ कलला, देव किंचाळला. "अरे गाढवांनो! मी मडकं आहे का?"

पाच मिनिटं खटपट झाली, रथ हलेना. तिकडून वास येतच होता. शेवटी मंडलबाबूंनी कोट काढला. "असं कसं चालेल? दुपार होईल!" म्हणत ते सरळ चरात उतरले आणि चाकाला खांदा दिला. दिलकुमारीबाईंनी पदर खोचून दोरी धरली. सभापतीही उतरले. मग काय, दोन्ही बाजूंचे पक्ष चिखलात! "हो... हैसा!" करत रथ पलीकडे गेला तेव्हा आळीनं ढोल बडवला. वेदनिधी अर्याल तेवढे बूट सांभाळत बाजूला उभे राहून मोबाइलवर फोटो काढत होते.

रथ आळीभर फिरला. बायकांनी अक्षता टाकल्या. फल्च्यावरचे उरलेले म्हातारे काठ्या टेकत उठून उभे राहिले, त्यातल्या एकानं जवळून एक सणसणीत शिवी दिली, आणि देवाचे डोळे भरून आले. फेरी संपवून रथ पुन्हा चराच्या काठाशी आला.

आणि इथं वेदनिधी अर्याल पुढे झाले. "सभापती महोदय, कृपया नोंद घ्यावी. समितीच्या समक्ष रथ रस्ता ओलांडून गेला. म्हणजे वाहतुकीस कुठलाही अडथळा नाही. हा मुद्दा निकालात काढावा, अशी विनंती."

सभापतींचा खांदा ठणकत होता, पोटात कावळे ओरडत होते. "बरं, बरं, लिहून घ्या," ते म्हणाले, "आणि रथ तेवढा लवकर घ्या हो पलीकडे." समितीच्या कारकुनानं लेखणी उघडली. अलीकडून चिनीमायेनं ते बघितलं. हिनं रांधलं, यांनी खांदे दिले, आणि कागदावर काय राहणार? तर खड्डा नाहीच!

"थांबा!" रथातून आवाज आला. "काय म्हणाला तो बूटवाला? रस्ता चांगला आहे?"

"वाहतुकीयोग्य आहे, आजोबा," वेदनिधी हसून म्हणाले.

"मग छानच! परतीला मला यानं एकट्यानं ओढायचं. दुसऱ्या कुणी हात लावला तर माझा शाप!"

"आजोबा, आपण उतरा ना. फळीवरून हळूच नेतो आम्ही आपल्याला."

"आज मी देव आहे. देव उतरत नसतो. आणि देव घरी गेल्याशिवाय पंगत बसत नसते. बसू या आपण. मला काही घाई नाही."

देवानं हुक्का मागवला.

वेदनिधींनी दोरी हातात घेतली, एकदा ओढून पाहिली. रथ ढिम्म. त्यांनी चराकडे पाहिलं, चरात आपले बूट कसे दिसतील ते मनातल्या मनात पाहिलं असावं, आणि मग वळून सदस्यांकडे पाहिलं. तिथं कुणी हसत नव्हतं. उपाशी खासदारांची अख्खी समिती त्यांच्याकडे बघत होती.

"अर्यालजी," दिलकुमारीबाई म्हणाल्या, "ठेकेदाराला फोन लावा."

"आज शनिवार आहे, सुट्टी..."

"लावा!" मंडलबाबू गरजले. पहिल्यांदाच दोन्ही पक्षांचं एकमत झालं होतं. "नाहीतर द्या इकडे, मी बोलतो त्याच्याशी!"

आणि बोलले. मंडलबाबू बोलले, बाई बोलल्या, सभापती बोलले, आणि या वेळी उचकी आली नाही. प्रत्येकजण फोनवर बोलताना नाक अंगणाकडे वळवून वास घेत होता आणि वास घेतला की आवाज आणखी चढत होता. सहसचिवांनी कपाळाचा घाम पुसत कारकुनाला हळूच सांगितलं, "ते मघाचं खोडा." तासाभरात मातीचे दोन ट्रक आले, खडीचा एक आला, मागून धुरळा उडवत रोलर आला. माती लोटली, खडी पसरली, रोलर इकडून तिकडे फिरला. आळीतली पोरं-बाळं, म्हातारे, सगळे बघत उभे राहिले. कुणाचा विश्वास बसत नव्हता. एवढंसं तर काम होतं!

उन्हं कलली तेव्हा रथ नव्या मातीवरून घराशी आला. दोरी वेदनिधी अर्यालांच्या हातात होती, आणि मागून हळूच ढकलायला अख्खी समिती होती, पण देवानं त्याकडे काणाडोळा केला. सहसचिवांचे चकचकीत बूट पार मातीनं माखले होते.

दारात चिनीमाया किल्ली घेऊन उभी होती. रीतच आहे ती: सुनेनं किल्लीचं एक टोक धरायचं, देवानं दुसरं धरायचं, आणि तिनं त्याला घरात न्यायचं. पातेल्यांची झाकणं उघडली होती, पानं मांडली होती. सदस्यांनी हात धुऊन घेतले होते.

बेखा बा रथातून उतरला. पाय जमिनीला लागले तसा खाली वाकून त्यानं मूठभर माती उचलली, चोळून पाहिली, कुंभारच तो! मग चिनीमायेनं पुढे केलेल्या किल्लीकडे बघून म्हणाला, "घर आलं, देवपण संपलं. आत्ता आत नको सूनबाई. जरा जाऊन येतो."

"कुठं बा?"

तो मागे वळला. काठी टेकत, गुडघे सावरत, मध्येच थांबून पायानं माती दाबून बघत, कुणाचा हात न धरता म्हातारा रस्ता ओलांडून गेला. फल्च्यावरच्या मंडळींनी सरकून जागा दिली. तो बसला, पाय लांब केले, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवायला त्यानं समोर उभ्या असलेल्या खासदारांपासूनच सुरुवात केली.

"अहो दिदी," सभापती रडकुंडीला येऊन म्हणाले, "हे आता परत कधी येणार? घास तरी..."

चिनीमायेनं डोळे पुसले, किल्ली कमरेला खोचली आणि पातेल्यांवर झाकणं परत ठेवली.

"येतील हजुर, मन भरलं की येतील. आम्ही तीन वर्षं वाट बघितली, तुम्ही थोडी बघा."